पर्पज शोधण्याची सोपी कृती (नवशिक्यांसाठी)

तुमच्याकडे पर्पज नाही, हे आता लोकांच्या लक्षात यायला लागलं आहे. बाणेरच्या कॅफेत शेजारच्या टेबलावरचा तरुण लॅपटॉप मिटत म्हणतो, "मी एक इकोसिस्टिम उभी करतोय." मग तो तुमच्याकडे वळतो आणि तुम्ही सरळ सांगून टाकता, "माझा मसाल्यांचा धंदा आहे." तो नुसती मान हलवतो. त्याच्या इकोसिस्टिमला अजून एक गिऱ्हाईक मिळालेलं नाही आणि तुमचा मसाला दर महिन्याला संपतो, पण कॅफेत हिशेबाची वही कुणी उघडून बघत नाही.

खचू नका. पर्पज काही कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. थोडा सराव, थोडा प्रवास आणि थोडे उसने पैसे एवढ्यावर तो कुणालाही सापडतो. चित्रकार, कवी, नोकरी सोडून मातीची भांडी घडवायला बसलेले सॉफ्टवेअर इंजिनिअर, नाचणीच्या बिस्किटांचे संस्थापक, या सगळ्यांना ही कृती सारखीच लागू पडते.

लागणारं साहित्य: एक वही (कोऱ्या पानांची, रेघांची वही नोकरदार वापरतात), टाइप केलेला राजीनामा आणि एक पगारदार जोडीदार. जोडीदार नसेल तर वडिलांची पेन्शन चालते. वहीशिवाय एक वेळ भागेल.

१. आधी हरवल्याचं जाहीर करा

जे हरवलंच नाही ते सापडणार कसं? तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्याला आतून रिकामं वाटतंय हे चारचौघांत सांगणं. घरी मात्र जपून. आईला "मला पोकळ पोकळ वाटतं" म्हणालात, तर ती "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या" म्हणत थालीपीठ लावायला उठेल. थालीपिठाने पोकळी खरोखरच भरली, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया गेल्या.

म्हणून सुरुवात लिंक्डइनवर करा. एका परिच्छेदात एकच वाक्य. "मी नोकरी सोडली." मग मोकळी ओळ. "लोक म्हणाले, वेडा आहेस." पुन्हा मोकळी ओळ. तिसऱ्या वाक्यात सोडलेल्या पगाराचा आकडा यायलाच हवा, नाहीतर पोकळी किती खोल आहे ते कुणाला कळत नाही. वर्षाला चाळीस लाखांची नोकरी सोडून रिकामं वाटलं तर तो आत्मशोध. महिना अठरा हजारांची सोडून वाटलं तर ती बेकारी, आणि तिच्यासाठी ही मार्गदर्शिका नाही; स्पर्धा परीक्षांचे क्लास सदाशिव पेठेत आहेत.

२. चार वर्तुळं काढा

वहीच्या पहिल्या पानावर एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळं काढा. एकात तुम्हाला आवडतं ते लिहा, दुसऱ्यात तुम्हाला जमतं ते, तिसऱ्यात जगाला हवं ते आणि चौथ्यात ज्याचे पैसे मिळतात ते. चारही जिथे एकमेकांवर येतात त्या चिमुकल्या जागेत 'इकिगाई' असं लिहा. कुणी विचारलं तर हे प्राचीन जपानी शहाणपण आहे म्हणून सांगा.

तसं ते नाही, पण सांगा. ही चार वर्तुळं आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाची. मधल्या जागेत त्याने 'प्रयोजन' अशा अर्थाचा शब्द लिहिला होता. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश उद्योजकाने तो शब्द काढून तिथे 'इकिगाई' बसवला आणि चित्र जगभर फिरलं. त्याच नावाचं गाजलेलं पुस्तक आलं २०१६ मध्ये, तेही दोन स्पॅनिश लेखकांचं. थोडक्यात, चौकोन आखून त्यात बारा घरं पाडणाऱ्या गुरुजींकडे जायला तुम्हाला लाज वाटते, आणि त्यांच्याच स्पेनमधल्या व्यवसायबंधूचं चित्र तुम्ही गुंतवणूकदारांना तिसऱ्या स्लाइडवर दाखवता. शनीचं काय ते तेवढं कुणी विचारत नाही.

जपानमध्ये इकिगाईचा खोलात जाऊन विचार केला तो मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी. त्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करत. सगळं गमावलेली तिथली माणसं कशाच्या आधारावर जगतात, हा प्रश्न त्यांना पडला आणि १९६६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. 'ज्याचे पैसे मिळतात ते' हे वर्तुळ त्या वसाहतीत कुठे बसवायचं, या फंदात पडू नका. ओकिनावातल्या ओगिमी गावाकडेही फार लक्ष देऊ नका. तिथले नव्वदी ओलांडलेले आजोबा परसातली भाजी आणि शेजाऱ्यांशी गप्पा एवढ्यावर खूश असतात. अशा माणसांना कुणी फंडिंग देत नाही.

एक व्यावहारिक अडचण येईल. 'आवडतं'मध्ये तुम्ही 'प्रवास' लिहाल आणि 'पैसे मिळतात'मध्ये 'एक्सेल'. ही दोन वर्तुळं एकमेकांच्या आसपासही फिरकणार नाहीत. सगळ्यांचंच असं होतं. वर्तुळं मोठी काढा.

३. गप्प बसून या

स्पितीला गेलात तरी चालेल, पण इगतपुरी स्वस्त पडते. तिथल्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, आणि फी नाही; आधी येऊन गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. गैरसोय एकच, फोन जमा करून घेतात. तेव्हा डोळे मिटून बसल्याचा फोटो घरून निघतानाच काढून ठेवा.

हा मार्ग भारतात परत आणणारे सत्यनारायण गोएंका बर्मातले व्यापारी. गुरूंच्या दाराशी ते गेले ते मायग्रेनने हैराण होऊन. निव्वळ डोकेदुखीसाठी शिकवणार नाही, असं गुरूंनी आधी त्यांना बजावलं. ते गुरू म्हणजे उ बा खिन. ते बर्माचे अकाउंटंट जनरल राहिलेले आणि सरकारी नोकरी सांभाळून ध्यान शिकवणारे. एकाला डोकं दुखायचं थांबायला हवं होतं, दुसऱ्याला सकाळी कचेरीत जायचं होतं. राजीनामा खिशात घालून कुणीच आलं नव्हतं. पॉडकास्टवर हा भाग गाळा.

४. 'का?' विचारा, पण वेळेवर थांबा

सायमन सिनेक यांनी २००९ मध्ये पुस्तक लिहून आणि भाषण देऊन जगाला सांगितलं की 'काय' विकता त्यापेक्षा 'का' विकता ते आधी सांगा. कल्पना चांगली आहे. धोका एवढाच, की 'का' विचारत गेलं की मराठी माणूस तिसऱ्या प्रश्नाला खरं बोलतो. म्हणून सराव करा.

"तुम्ही काळा मसाला का विकता?"

"आमच्या जाऊबाईंचा मसाला लोक डबे भरभरून मागून न्यायचे. म्हटलं, फुकट किती द्यायचा?"

चूक. पुन्हा.

"तुम्ही काळा मसाला का विकता?"

"कारण गावापासून तुटलेल्या एका पिढीला मी तिची हरवलेली चव परत देतेय."

आता पाकिटाची किंमत दुप्पट करा. पाकिटाच्या मागच्या बाजूला जाऊबाईंचा खलबत्त्यासोबत फोटो छापा. घरात मिक्सर येऊन तीस वर्षं झाली, तरी फोटोत खलबत्ता. वेबसाइटवर जाऊबाई 'आमची मुळं' या सदरात येतील. नफ्याच्या सदरात त्यांना आणायचं कारण नाही. मुळं जमिनीखालीच शोभतात.

'का' किती उंच नेता येतो, याला मर्यादा नाही. वीवर्क ही अमेरिकन कंपनी ऑफिसच्या जागा भाड्याने घ्यायची आणि टेबल-खुर्च्या मांडून पुढे भाड्याने द्यायची. ऑगस्ट २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरायचे कागद तिने दाखल केले, त्यात जगाची जाणीव उंचावणं हे आपलं जीवितकार्य असल्याचं लिहिलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली जात होती. दीड-दोन महिन्यांत शेअर विकण्याचा बेत गुंडाळावा लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी. नवशिक्यांनी यातून घाबरून जाऊ नये. संस्थापक साहेब व्यवस्थित आहेत.

५. ठिपके उलटे जोडा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून जरा सावकाश घेऊ. स्टीव्ह जॉब्स यांनी २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या पदवीधरांना सांगितलं की आयुष्यातले ठिपके पुढे बघून जोडता येत नाहीत, मागे वळून बघितल्यावरच ते जुळतात. आपल्या आयाबहिणी ठिपके आधी मांडतात आणि रांगोळी मागाहून काढतात. पर्पजच्या धंद्यात आधी रांगोळी काढायची आणि मग तिच्याखाली ठिपके सरकवायचे.

उदाहरण घ्या. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांना घरभाडं झेपेना. गावात डिझाइनवाल्यांची परिषद भरलेली, हॉटेलं तुडुंब. त्यांनी हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकल्या आणि पाहुणे ठेवले. भाड्याची सोय झाली. पुढे तीच एअरबीएनबी. २०१४ मध्ये कंपनीचा नवा लोगो आला तेव्हा जगाला कळलं की हे सगळं माणसाला कुठेही आपलेपणा वाटावा म्हणून चाललं होतं. गाद्यांना त्याआधी सात वर्षं कल्पना नव्हती.

आपल्याकडे याबाबतीत पूर्वज फार कच्चे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे.जे.त गेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, चित्रकला संपली. व्हीजेटीआयमध्ये यंत्रांची ड्रॉइंग शिकवू लागले, तिथे बढती डावलली गेली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली.

या सगळ्या प्रवासात हा माणूस एकदाही वही घेऊन टेकडीवर बसलेला दिसत नाही. रंग दिसेनात म्हणून इकडे, बढती हुकली म्हणून तिकडे, जागा गेली म्हणून आणखी तिसरीकडे. आजचा कोच असता तर त्याने लक्ष्मणरावांना सायकलीच्या दुकानातच अडवलं असतं: "पण तुमचा 'का' काय आहे?" नांगर राहिला असता, पण मेंटॉरशिपचं सर्टिफिकेट मिळालं असतं.

दादासाहेब फाळके हेही जे.जे.चे. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने बायको आणि मूल नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात आरेखक, नंतर छापखाना, मग भागीदारांशी बिनसलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर, हातात काही नसताना गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघितला आणि आपल्या देवांचेही असे सिनेमे काढायचे असं डोक्यात बसलं. इथे मात्र खरोखरीचा पर्पज सापडल्यासारखा दिसतो, म्हणून शिकाऊ मंडळींनी हे प्रकरण बारकाईने अभ्यासावं. विशेषतः खर्चाची बाजू.

विम्याची पॉलिसी गहाण पडली, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आला. कुंडीतलं रोप कसं उगवतं याचा छोटा चित्रपट करून भांडवलवाल्याची खात्री पटवली. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्याच करायच्या, आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशनमध्ये लागला. दादासाहेबांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो, आणि ते खरंच आहे. पर्पज सापडलेल्या माणसाच्या घरात पर्पज शोधायला सवड नसलेलं एक माणूस लागतं. साहित्याच्या यादीत ते आम्ही तिसऱ्या क्रमांकावर दिलं आहे, ते केवळ यादी फार भडक दिसू नये म्हणून.

६. कलावंतांसाठी जादा सूचना

चित्रकारांनी प्रदर्शनाच्या कागदावर 'अवकाश', 'अंतःस्वर' आणि 'शोध' हे तीन शब्द कोणत्याही क्रमाने वापरावेत. जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळेपर्यंत काही वर्षं जातात. तेवढ्यात चित्रंही होतात. चित्र विकलं गेलं नाही तर तुमचा पर्पज शुद्ध, विकलं गेलं तर तो 'प्रवासातला टप्पा'.

लेखकांचं काम सोपं आहे. "मी लिहिल्याशिवाय जगूच शकत नाही," असं सांगा आणि जानेवारी ते जून निवांत जगा. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या आतल्या हाकेचा हंगाम ठरलेला आहे. ती ऑगस्टात येते, संपादकांच्या नंबरावरून येते, आणि शब्दमर्यादा सांगून ठेवते. मानधनाचं त्या हाकेला विचारू नये.

७. कथा पाठ करा

कथेला एक आजी लागते. खेड्यातली, नऊवारीतली, आणि शक्यतो हयात नसलेली. हयात आजी मुलाखतीत मध्येच "हा लहानपणी काही खायचाच नाही" असं बोलून जाते. शिवाय एक अंधारी रात्र लागते, जिच्यात तुम्ही सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. त्या रात्री घराचा हप्ता कुणी भरला, ते कथेत येत नाही.

योग्य जागी व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव घ्या. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या या डॉक्टरांनी १९४६ मध्ये माणसाच्या अर्थशोधावर पुस्तक लिहिलं. तुमचं ॲप दहा मिनिटांत कोथिंबीर पोचवतं. या दोहोंत दुवा जोडताना आवाज खाली घ्या आणि दोन सेकंद खिडकीबाहेर बघा. कोथिंबीर घेऊन स्कूटरवरून येणाऱ्या पोराला पर्पज विचारू नका, त्याच्याकडे आठ मिनिटं उरली आहेत.

कर्मचाऱ्यांनाही पर्पज द्या. पगारवाढीच्या महिन्यात तो देतात.

पर्पज मध्येच बदलला तर कथा बदला, बाकी काही नाही. यूट्यूबच्या मागे २००५ मध्ये व्हिडिओवरून जोड्या जुळवायची कल्पना होती. स्लॅक करणारी मंडळी एक ऑनलाइन खेळ काढत होती, तो २०१२ मध्ये बंद पडला. आणि आपल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तूप काढायला निघालेली कंपनी पुढे संगणकात गेली. तिला आता विप्रो म्हणतात. तुपाच्या डब्यावर तेव्हा डिजिटल परिवर्तनाचा उल्लेख नव्हता. तुमच्याही मसाल्याच्या पाकिटावर नसू दे, जागा ठेवा.

८. सीएला फोन करा

इथवर आलात म्हणजे कंपनीची नोंदणी करायला हरकत नाही. आता गंमत बघा. ज्याच्यासाठी तुम्ही वर्तुळं काढलीत, इगतपुरीला मांडी मोडलीत आणि आजीला कामाला लावलंत, ते कायद्याने सक्तीचंच आहे. कंपनी कायदा २०१३, कलम ४. मेमोरँडममध्ये कंपनीचे उद्देश लिहिल्याशिवाय नोंदणीच होत नाही. सरकारला तुमच्याआधीच काळजी होती.

सीए फोनवर विचारील, "मेन ऑब्जेक्ट काय टाकू?"

तुम्ही घसा साफ करून "तुटलेल्या पिढीला तिची चव..." असं सुरू कराल. तो म्हणेल, "मसाले ना? माझ्याकडे फॉरमॅट आहे." मग तो मागच्या महिन्यातल्या लोणच्याच्या कंपनीचा मजकूर उचलेल, 'लोणची' काढून 'मसाले' घालील, आणि उत्पादन, खरेदी, विक्री, आयात, निर्यात, साठवण, पॅकिंग, दलाली, एजन्सी असं तुमच्या उरलेल्या आयुष्यात पुरून उरेल एवढं प्रयोजन दीड पानात बसवील. एका जागी 'लोणची' तशीच राहील. ती काढायला लावू नका, पुढे-मागे पर्पज बदलायला उपयोगी पडतील. तुमच्या डिजिटल सहीची पेनड्राइव्ह त्याच्याच खणात असते, त्यामुळे सहीसाठीही जावं लागत नाही.

फी त्याच दिवशी मागतात. क्यूआर कोड आला की जोडीदाराला पाठवा.